जाग यायला लागणारा वेळ

फिनयू जेवून चौथ्या मजल्यावरच्या टेस्ट रूममध्ये परतली, तेव्हा तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसला होता आणि तिच्या मशीनवरचा खाऊ खात होता.

आता हा खाऊ म्हणजे साधासुधा नव्हे. ताइपेइच्या नेइहू भागातल्या कुठल्याही कंपनीत जा, जे यंत्र नीट चालावं असं वाटतं त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. हिरवंच, कारण मशीनवरचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं नाही, लाल तर नाहीच नाही. लोक हसत हसत ठेवतात, पण काढायची कुणाची छाती होत नाही. आणि खायची? असं काही फिनयूनं आजवर ऐकलंही नव्हतं.

"अहो!" ती किंचाळलीच. "हे... हे काय करताय तुम्ही?"

तरुणानं वर पाहिलं. ओठांच्या कोपऱ्याला मक्याचा चुरा लागला होता. "खातोय," तो शांतपणे म्हणाला. "हवंय तुम्हाला?"

"ते मशीनचं आहे!"

"होतं." त्यानं पाकीट उलटं करून तिच्यापुढे धरलं. "तारीख बघा. काल मुदत संपली. मुदत संपलेलं पाकीट मशीनच्या डोक्यावर ठेवलंत, मग ते रुसणार नाही तर काय नाचणार?"

असं म्हणून त्यानं पिशवीतून कोरं हिरवं पाकीट काढलं, दोन्ही हातांनी अगदी अदबीनं मशीनवर ठेवलं आणि मग तितक्याच अदबीनं आपलं कार्ड तिच्यासमोर धरलं. "ओटिस फंग. ड्राइव्ह आमचा, डोकेदुखी तुमची."

"ओटिस?" रागवायचं होतं, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "हे कसलं नाव?"

"लहानपणी इंग्रजीच्या क्लासमध्ये बाई म्हणाल्या, प्रत्येकानं एक इंग्रजी नाव निवडा. मला एकच इंग्रजी शब्द वाचता यायचा. क्लासच्या लिफ्टवर लिहिलेला."

फिनयूला हसू फुटलं. ते तिनं दाबलं, पण उशीर झाला होता... त्यानं पाहिलं होतं. आणि ज्या माणसाला आपण आत्ता ओरडलो त्याच्यासमोर आपण हसतोय कशाला, हे काही केल्या तिला कळेना. तिच्या गोंधळाची सुरुवात ही अशी झाली.

डोकेदुखी मात्र खरी होती. फिनयूच्या कंपनीचा नवा लॅपटॉप चांद्र नववर्षाच्या आत बाजारात जायचा होता आणि त्यात माहिती साठवायला ओटिसच्या कंपनीचा ड्राइव्ह बसवला होता. लॅपटॉपचा बोर्ड आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये एक वाट असते, तिला ही मंडळी लिंक म्हणतात. बोलण्यासारखं काही नसलं की लिंक आधी डुलकी घेते, आणि काही सेकंद कुणीच काही विचारलं नाही की गाढ झोपी जाते. झोप जितकी गाढ तितकी बॅटरी वाचते, आणि तितकाच जाग यायला वेळ लागतो. लिंकनं कधी झोपायचं, कधी उठायचं, उठवल्यावर तिची किती वाट बघायची, हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातला ड्रायव्हर, फिनयूनं वर्षभर खपून लिहिला होता. आणि आता ती गाढ झोपलेली लिंक कितीतरी वेळा शहाण्यासारखी उठायची, अन् मधूनच एकदा... उठायचीच नाही. स्क्रीन गोठून जायचा.

प्रोजेक्ट लाइ मॅडमच्या हातात होता, आणि लाइ मॅडम म्हणजे स्पष्ट बोलण्याचा कारखाना. "महिनाअखेर बघेन," त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "कारण सापडलं नाही तर गाढ झोप बंद. ती बंद झाली की बॅटरीची बोंब. मग हा ड्राइव्ह मला नको, दुसऱ्या कंपनीचा घेईन. अहवाल फिनयू लिहील. तिचा शब्द शेवटचा."

म्हणजे फिनयूचं वर्षभराचं काम टांगणीला होतंच, पण ओटिसचा ड्राइव्ह राहणार की जाणार, हेही तिच्याच हातात. त्या दिवशी हे तिला नुसतं काम वाटलं.

ओटिस आठवड्यातून दोनदा जूबेइ शहरातल्या आपल्या कंपनीतून यायचा. ताइपेइच्या हिवाळ्यातला तो चिवट, बारीक पाऊस त्याच्या जाकिटावर बसलेला असायचा. दारात उभं राहून तो जाकीट झटकायचा, आणि फिनयूची निंगशिन नावाची शेजारीण न विसरता म्हणायची, "आले बघ तुझे लिफ्टवाले!"

टेस्ट रूम म्हणजे बर्फाचं घर. मशीनसाठी एसी सतत चालू. फिनयूचे हात गारठायचे, बोटं चुकीच्या कळांवर पडायची. पण अलीकडे तिला कमी थंडी वाजत होती. का, ते तिला बरेच दिवस कळलं नव्हतं. मग एकदा ओटिस फोन घ्यायला बाहेर गेला आणि गार वाऱ्याचा झोत थेट तिच्या मानेवर आला, तेव्हा तिनं वळून पाहिलं. एसीची जाळी बरोबर तिच्या मागे होती. आणि ओटिसचं स्टूल... तो रोज ते जाळीच्या आणि तिच्या मधोमध ओढून बसायचा!

तो परत आला, बसला. झोत थांबला.

"तुम्हाला थंडी वाजत नाही का हो?" तिनं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"आमच्याकडचं वारं बघितलंय का कधी? स्कूटर आडव्या होतात. त्यापुढे हे म्हणजे हातपंखा." आणि लगेच त्याला एक शिंक आली.

"दिसतंय," फिनयू म्हणाली.

"ही धुळीची शिंक आहे."

"इथे धूळ नाही. मशीनसाठी हवा गाळून येते."

"मग तुमच्या प्रश्नांची ॲलर्जी असेल," तो म्हणाला आणि हसला. तो हसला की त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. हे असलं काही आपण का टिपून ठेवतोय, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या टेस्टचं बटण दाबलं.

इथवर सगळं गोड होतं. पण दुपार झाली की गाडी अडायची.

"जेवायला येताय? खाली कोपऱ्यावर बीफ नूडल्स छान मिळतात."

"नको, थँक्यू."

पुढच्या वेळी पुन्हा, "आज तरी?" "नको. खरंच नको." एकदा तिनं स्वतःच्या डब्यातलं रताळं पुढे केलं, तर हा बाबा चटका बसल्यासारखा मागे सरकला. मग तो खाली जायचा, आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीतून फिनयूला दिसायचं... पार्किंगमध्ये, पावसात, स्वतःच्या गाडीत बसून हा माणूस एकटाच पुठ्ठ्याच्या डब्यातलं जेवण जेवतोय.

"लग्न झालेलं असणार," निंगशिननं निकाल देऊन टाकला. "बायकोनं दम दिला असेल."

"अंगठी नाही."

"ओहो! अंगठीसुद्धा बघून झाली?"

फिनयूनं कान बंद केले. पण प्रश्न काही बंद होईना. जो माणूस आपल्या पाठीवर गार वारा झेलतो, त्याला आपल्याबरोबर एक वाटी नूडल्स खायला काय होतं?

आणि मग त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला. बिघडलेलं प्रत्येक मशीन ओटिस जूबेइला आपल्या लॅबमध्ये घेऊन जायचा, आणि प्रत्येक वेळी तिथून एकच उत्तर यायचं: "आमच्याकडे व्यवस्थित झोपतं, व्यवस्थित उठतं." मशीन परत नेइहूला आलं, स्वच्छ पुसून नव्यासारखं करून टेस्टला लावलं, की संध्याकाळच्या आत गोठलेलं.

"आमच्याकडे चालतं!" निंगशिननं नक्कल केली. "सगळे विक्रेते हेच सांगतात. थापा मारतोय गं तो. तुझ्या ड्रायव्हरवर ढकलायचं आणि हात झटकायचे, एवढंच त्याचं काम."

लाइ मॅडमही एकदा जाता जाता टेबलापाशी थांबल्या. "फिनयू, पोरगा बोलायला गोड आहे. पण गोड बोलणाऱ्यांचे आकडे मी दोनदा तपासते."

फिनयूनं मान डोलावली. तिला मनापासून वाटत होतं की ओटिस खोटं बोलत नाही. पण हे वाटणं इंजिनिअरचं होतं की... दुसऱ्याच कुणाचं? तो खोटा निघाला तर ड्राइव्ह जाईल. ड्राइव्ह गेला तर तो जाईल. आणि तो खरा निघाला तर चूक तिची. कसंही फिरवा, तिच्या हाताला काही लागेना. त्या संध्याकाळी तिनं त्याला मेसेज टाकला: "उद्या मी तुमच्याकडे येते. मला डोळ्यांनी बघायचंय."

उत्तर क्षणात आलं. "या. टोपी घालू नका, उडेल."

जूबेइला बुलेट ट्रेनमधून उतरल्याबरोबर वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आणून टाकले. ओटिस गाडीपाशी उभा होता. तिच्या कपाळावरची बट बाजूला करायला त्याचा हात उठला... आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरून त्यानं गाडीचं दार उघडलं. दोघंही रस्ताभर हवेबद्दल बोलली. हवेबद्दल बोलण्यासारखं त्या दिवशी खरंच पुष्कळ होतं.

लॅबमध्ये तिचंच मशीन टेबलावर होतं. तेच, जे नेइहूमध्ये परवाच गोठलं होतं. इथे मात्र ते शहाण्या बाळासारखं वागत होतं. दोघं शेजारी शेजारी बसली आणि बघत राहिली. वेळ जात होता. काचेपलीकडे ओटिसचा बॉस येरझाऱ्या घालत होता.

"बघा," ओटिस म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, उलट तोही वैतागलेला दिसत होता. "मी खोटं बोलत नव्हतो."

"मी तसं म्हटलं नव्हतं."

"म्हटलं नव्हतंत. पण आलात ना बघायला."

फिनयूला ते लागलं. ती काहीतरी तिखट बोलणार होती, पण तेवढ्यात तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक छोटीशी हिरवी रेघ सरकत होती.

"हे काय आहे?"

"ते?" ओटिसचा चेहरा खुलला. "ते मी लिहिलंय. ड्राइव्हचं तापमान दाखवतं. पहिल्या वर्षी एक ड्राइव्ह तापून मेला होता माझ्या हातात, तेव्हापासून. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर आहे. तुमचं मशीन आलं की मी पहिलं हेच बसवतो, परत पाठवताना काढतो."

"आणि हे तापमान... त्याला कळतं कसं?"

"ड्राइव्हलाच विचारतं. दर सेकंदाला. 'किती तापलास रे?' म्हणून..."

तो बोलता बोलता थांबला. फिनयू त्याच्याकडे बघत होती. हळूहळू त्याचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा.

"दर सेकंदाला," तो पुन्हा म्हणाला, पण आता अगदी हळू.

"झोपू दिलंच नाहीत तुम्ही त्याला," फिनयू म्हणाली. "डुलकी लागली की हलवून विचारायचं, बरा आहेस ना? गाढ झोप लागणार कशी? आणि जे झोपलंच नाही ते उठताना अडेल कशाला!"

तिनं हात पुढे केला आणि ती हिरवी रेघ बंद केली. मग दोघं थांबली. ओटिसनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं. का कोण जाणे, मशीनला आवाजानं जाग येत नसते हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दोघं श्वास धरून बसली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता, आणि बाजूला व्हायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

तिनं कळ दाबली. मशीन उठलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवलं. पुन्हा. पुन्हा... आणि मग एकदा स्क्रीन जो थिजला तो थिजलाच.

"आमच्याकडेही बिघडतं," ओटिस पुटपुटला.

फिनयूचा जीव भांड्यात पडला. हा माणूस खोटा नव्हता! तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ती खाली वाकून बॅग शोधू लागली. पण तिनं मान वर केली तेव्हा ओटिसचा चेहरा पार उतरला होता. काचेपलीकडचा बॉस आता येरझाऱ्या थांबवून इकडेच बघत होता.

"मी तुम्हाला स्टेशनवर सोडतो," तो म्हणाला.

"पण आता खरं काम सुरू झालंय. मी थांबते. आधी काहीतरी खाऊन..."

"नको." मग जरा मऊ आवाजात, "प्लीज. मला थोडा वेळ द्या."

स्टेशनपर्यंत तो हवेबद्दलही बोलला नाही.

त्यानंतर शांतता. एक मेसेज नाही, फोन नाही. आजवर रोज सकाळी दोघांपैकी कुणी ना कुणी विचारायचंच, "काही कळलं का?" मशीनच्या नावाखाली कितीतरी बोलणं व्हायचं. आता ते नाव घ्यायचीही तिला चोरी वाटू लागली. आपण त्याचा अपमान केला का? काचेमागून बॉस बघत असताना त्याची चूक बोलून दाखवायला नको होती का? की त्याला आपल्यात रसच नव्हता, आणि एसीची जाळी, अर्ध्यावरून फिरलेला हात, तो टेकलेला खांदा, हे सगळं तीच जुळवत बसली होती?

"जेवत का नाहीस?" निंगशिननं विचारलं.

"भूक नाही."

"हं," निंगशिन म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं चिडवलं नाही. त्यावरून फिनयूला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

महिनाअखेरची बैठक आली. ओटिस आला, शेजारी त्याचा बॉस. ओटिसच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तो उभा राहिला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाला, "चूक आमची आहे."

त्याच्या बॉसनं छताकडे बघायला सुरुवात केली.

"जाग यायला आपल्याला किती वेळ लागतो, हे आमचा ड्राइव्ह स्वतः सांगतो. ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवून तेवढीच वाट बघतो. पण बराच वेळ झोपून चिप गार पडली की तिला उठायला जास्त वेळ लागतो. आम्ही कमी सांगितला होता. आणि हे आमच्या लक्षात आलं नाही, कारण माझ्या एका प्रोग्रॅममुळे आमच्या लॅबमध्ये ती कधी गार पडलीच नाही. तो आकडा आता आम्ही दुरुस्त केलाय. च्येन फिनयू यांच्या कामात काहीही दोष नव्हता."

त्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं, पण तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

"फिनयू?" लाइ मॅडम वळल्या. "तुझं काय म्हणणं? ठेवायचा की काढायचा?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. दुरुस्त केलेले ड्राइव्ह तिच्याकडे पाच दिवसांपूर्वीच आले होते, कुरिअरनं, सोबत एक ओळसुद्धा नाही. तिनं ते तपासले होते. थंडीत, उन्हात, रात्रंदिवस, गरजेच्या दुप्पट.

"ठेवायचा," ती म्हणाली. "एकदाही गोठला नाही. शिवाय ह्या ड्राइव्हसाठी मी माझ्या बाजूनंही, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, जरा जास्त वाट बघते आहे. दुरुस्तीआधीचा एखादा ड्राइव्ह बसला तरी अडणार नाही."

"ठरलं," लाइ मॅडम म्हणाल्या आणि फाईल मिटली.

ओटिसनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. दारापाशी तो क्षणभर थबकल्यासारखा वाटला. मग लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, आणि तो गेला.

पुढच्या सोमवारी टेस्ट रूमच्या दारात जाकीट झटकण्याचा आवाज आला. फिनयू इतक्या घाईनं वळली की खुर्चीचं चाक तिच्याच पायावरून गेलं. दारात एक टक्कल पडलेले, मिशाळ गृहस्थ उभे होते. "ह्यापुढे तुमच्याकडे मी येणार," ते म्हणाले. "फंग आता हे काम बघत नाही."

"का?"

"कोण जाणे," गृहस्थ म्हणाले आणि ओटिसचं स्टूल ओढून भलत्याच जागी बसले. गार वाऱ्याचा झोत फिनयूच्या मानेवर आला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं.

म्हणजे त्याला शिक्षा झाली. खरं बोलल्याची. किंवा... काम झालं, माणूस गेला. त्यात रडण्यासारखं काय होतं? मशीन चालतंय, अहवाल लिहून झालाय, लाइ मॅडम खूश आहेत. फक्त आता त्याला काही विचारायला तिच्याकडे कुठलंही निमित्त उरलं नव्हतं. आणि तो आपल्याला हवा आहे, अगदी काहीही कारण नसताना हवा आहे, हे आत्ता कुठे तिला नीट कळलं. इतके दिवस बिघडलेल्या मशीनच्या आड ते छान लपून बसलं होतं.

तिनं फोन काढला. लिहिलं, पुसलं. 'कसे आहात?' पुसलं. 'तुमच्या जागी आलेले गृहस्थ...' तेही पुसलं. शेवटी डोळे मिटून तिनं एक ओळ पाठवून दिली:

"मशीन बरं आहे. मी नाही."

आणि मग फोन टेबलावर उपडा ठेवून ती पाणी प्यायला पळून गेली. परत आली तर निंगशिन तो फोन वर धरून उभी. "वाजतोय! बघतेस काय, घे ना!"

"काय झालंय?" ओटिसचा आवाज धापा टाकत होता. "ताप आहे? डॉक्टरकडे गेलात का? कोण आहे जवळ?"

"ताप नाही."

"मग?"

फिनयूनं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे वारा घोंगावत होता, त्यातून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता... आणि तो हळूहळू शांत झाला.

"रविवारी काय करताय?" त्यानं विचारलं. "आमच्या घरी माणसं कमी पडतायत. पर्सिमनची फळं वाळवायची कामं निघालीत."

शिनफू गावातल्या ओटिसच्या घराची गच्ची केशरी झाली होती. बांबूच्या मोठमोठ्या गोल परड्या, त्यांत सोललेली फळं ओळीनं मांडलेली, आणि डोंगरावरून उतरणारा कोरडा वारा. फळ अर्धं वाळलं की ते हातात घेऊन हलकेच दाबायचं असतं, आतला गर सैल होईपर्यंत. फिनयूनं ॲप्रन बांधला आणि पहिलंच फळ इतक्या जोरात दाबलं की ते फुटून तिच्या मनगटावर आलं.

"हळू," ओटिस म्हणाला. "शत्रू नाही तो."

"मला आज सगळेच शत्रू वाटतायत," फिनयू म्हणाली. "तुम्हाला कामावरून काढलं का?"

"नाही."

"बदली केली? खरं बोललात म्हणून?"

"नाही हो." त्यानं हातातलं फळ परडीत ठेवलं, दुसरं उचललं, तेही ठेवलं. "मीच सांगितलं बॉसला. मला त्या कामावरून काढा म्हणून."

फिनयूचे हात थांबले. "म्हणजे... मला टाळायला?"

"तुमच्याबरोबर जेवता यावं म्हणून!"

वारा एकदम पडला, किंवा तिला तसं वाटलं.

"माझा ड्राइव्ह राहणार की जाणार, हे तुमच्या सहीवर होतं," तो घाईघाईनं बोलू लागला, जणू थांबला तर पुन्हा सुरू होणार नाही. "मी तुमच्याबरोबर नूडल्स खाल्ल्या असत्या, आणि तुम्ही ड्राइव्ह ठेवला असता, तर लोक काय म्हणाले असते? तुमच्या अहवालाला माझ्यामुळे गालबोट लागायला नको होतं. आणि समजा मी काही बोललो असतो... तुम्ही हो म्हणालात तर मला वाटलं असतं, ड्राइव्हची कीव आली. नाही म्हणालात तर वाटलं असतं, ड्राइव्हचा राग काढला. डोकं फिरलं असतं माझं. गाडीत बसून ते थंड जेवण गिळताना मी रोज तुमच्या खिडकीकडे बघायचो."

"मी रोज खिडकीतूनच बघायचे," फिनयू म्हणाली. "निंगशिन म्हणाली, तुमचं लग्न झालंय."

"माझं?" तो इतका दचकला की तिला हसू आवरेना.

मग हसू ओसरलं. ती खाली बघत म्हणाली, "मी ते ड्राइव्ह दुप्पट वेळा तपासले, माहितीय? तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. माझ्यावर नव्हता. तुम्ही राहावं असं मला इतकं वाटत होतं की... मला वाटलं, मी खोटं लिहीन."

ओटिस तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या हातातलं पर्सिमन कधीच चेपून सपाट झालं होतं.

"म्हणजे तुम्हाला..." तो म्हणाला. "म्हणजे मी... आपण..."

"इतक्या माणसांसमोर 'चूक आमची' म्हणताना तू अडखळला नाहीस," फिनयू म्हणाली, आणि आपण त्याला तू म्हणालो हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. "आता काय झालं?"

"ते सोपं होतं," तो म्हणाला. "फिनयू, मला तू आवडतेस. त्या पाकिटावरून ओरडलीस ना, तेव्हापासून. पुढचं सगळं मला येत नाही. तूच सांग."

फिनयूला सगळं सांगायचं होतं. पण इतके आठवडे मनात नुसते प्रश्नच फिरवल्यावर उत्तर द्यायची सवयच राहिली नव्हती. तिनं चिकट हातांनी उगाच एक फळ सरळ केलं.

तेवढ्यात जिन्याखालून त्याच्या आईनं खणखणीत आवाजात त्याला घरातल्या नावानं हाक मारली. "आ-श्यांग! वर कोण आहे रे तुझ्याबरोबर?"

"फिनयू, आई!"

"नाव नको सांगूस, नावानं मला काय कळणार? तुझ्या कामाचं माणूस असेल तर चहा वर पाठवते. घरचं असेल तर म्हणावं, खाली ये आणि आपल्या हातानं घे!"

ओटिस उत्तर द्यायला जिन्याच्या कठड्यापाशी गेला. त्यानं फिनयूकडे पाहिलं. त्याचे कान पुन्हा लाल होऊ लागले होते.

फिनयूनं ॲप्रनला हात पुसले. "येते, आई!" ती मोठ्यानं म्हणाली आणि जिना उतरू लागली.